दहावीनंतर मुलांसह जपान : पंधरा वर्षांचा मुलगा ‘तुम्हीच जाऊन या’ म्हणतो, काय करावे?

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांना नमस्कार. येत्या उन्हाळ्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, यजमान, दहावीची परीक्षा देणारा मुलगा आणि आठवीतील मुलगी, बारा दिवसांसाठी जपानला जाण्याचा विचार करीत आहोत. आमच्या घरातून आजवर कोणीही परदेशी गेलेले नाही. यजमानांचे काम कापसाच्या जिनिंगचे असल्यामुळे हंगाम ओसरल्यावरच त्यांना सवड मिळते. मुलगा अकरावीत गेला की पुढील दोन वर्षे त्याच्या अभ्यासाची, आणि त्यानंतर तो शिक्षणासाठी बाहेर पडणार, हे जवळपास ठरलेले आहे. चौघांनी मिळून इतका मोठा प्रवास करण्याची ही बहुधा एकच संधी आहे, या विचाराने गेली सहा वर्षे आम्ही थोडे थोडे पैसे बाजूला ठेवले.

मुलाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “तुम्ही जाऊन या, मी आजीजवळ थांबतो.” तो रागाने बोलला असता तर मला इतके लागले नसते, त्याने ते अगदी शांतपणे, पाणी पिता पिता सांगितले. मागील दिवाळीत आम्ही कोकणात गेलो होतो, तेव्हा तो गणपतीपुळ्याला गाडीतून खालीसुद्धा उतरला नाही, मोबाइल पाहत बसून राहिला, आणि त्यावरून आमचे बरेच बोलणे झाले. तोच प्रसंग सात हजार किलोमीटरवर जाऊन पुन्हा ओढवेल, ही भीती मला वाटते. मुलगी उत्सुक आहे, परंतु तिचे सारे लक्ष चित्रे, रंग आणि तिकडच्या वह्या-पेनांच्या दुकानांवर आहे.

मुंबईच्या एका प्रवासी कंपनीने आम्हाला कार्यक्रम पाठवला आहे. रोज सकाळी सात वाजता बस निघणार, दिवसभरात पाच-सहा ठिकाणे, रात्री नऊला हॉटेल. आमच्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्यांनी असेच जावे, की स्वतः आखणी करावी? मुलाला आग्रह करून न्यावे का? दोघा भावंडांना टोकियोत दोन तास एकटे सोडणे योग्य ठरेल का? सासूबाईंचा याला ठाम नकार आहे. शिवाय आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. हिरोशिमा कार्यक्रमात आहे, पण तेरा वर्षांच्या मुलीला ते दाखवावे की नाही, याबद्दल आम्हा दोघांचे एकमत होत नाही. मुलाला जानेवारीत सोळावे वर्ष पूर्ण होईल. कृपया अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावे.

एक धुळेकर

ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी मुलांना घेऊन जपानला गेलो होतो. तेव्हा मुलगी सतरा वर्षांची होती आणि मुलगा चौदाचा. आमच्या हातून पहिल्या चार दिवसांत जी चूक झाली, तीच आपल्या त्या कार्यक्रमपत्रिकेत मला दिसते, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. टोकियोत सकाळचे सात वाजतात तेव्हा धुळ्यात पहाटेचे साडेतीन झालेले असतात. किशोरवयात झोपेची वेळ मुळातच उशिरा सरकते. रात्री लवकर झोप लागत नाही आणि सकाळी लवकर जाग येत नाही, ही या वयाच्या शरीराची घडण आहे, आळस नव्हे. आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असे झोपेचे अभ्यासक सांगतात. पूर्वेकडे प्रवास केला की शरीराला आणखी लवकर झोपावे आणि उठावे लागते, जे मोठ्यांनाही पश्चिमेकडच्या प्रवासापेक्षा जड जाते. म्हणजे सात वाजता बसमध्ये बसण्यासाठी मुलाला सहाला उठवणे म्हणजे त्याला रात्री अडीच वाजता उठवून देवळे दाखवणे होय. हे गणित मला तिथे जाऊन, क्योटोच्या एका हॉटेलच्या दारात, मुलीशी कडाक्याचे भांडण झाल्यानंतर कळले. ती रडत म्हणाली की तिला कशाचाच राग नाही, तिला फक्त झोपायचे आहे. मी तिला इतकी महागडी सहल वाया घालवल्याबद्दल बोललो होतो, आणि त्या शब्दांचे मला आजही वाईट वाटते.

त्या दिवसापासून आम्ही दोघे नवरा-बायको सकाळी फिरायला जाऊ लागलो आणि मुले दहाला उठून तयार होऊ लागली. जपानमध्ये संध्याकाळ ही खरी मुलांची वेळ आहे. दुकाने, गल्ल्या, दिव्यांची वर्दळ हे सारे त्यांना तेव्हाच भावते. देवळे मात्र बहुतेक ठिकाणी दुपारी चार-पाचच्या सुमारास बंद होतात, त्यामुळे दुपारी एक देऊळ आणि संध्याकाळ मोकळी, अशी आमची रीत बसली. दिवसाला एकच मोठे ठिकाण ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. यासाठी समूहाची बस उपयोगी पडत नाही. जपानसारखा देश स्वतः आखणी करून फिरायला सोपा आहे. स्थानकांवरील फलक इंग्रजीतही असतात आणि गाड्या वेळेवर धावतात.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. मुलाला आग्रह करू नये, पण त्याच्यावर खरोखरीचे काम सोपवावे. मी ‘खरोखरीचे’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. “तुला कुठे जायचे ते सांग” असे विचारून शेवटी आपणच ठरवायचे, ही पद्धत मुलांना पहिल्या दिवशी कळते. आम्ही पाचव्या दिवशी सगळ्या रेल्वेप्रवासाची जबाबदारी मुलाकडे दिली. कोणती गाडी, कोणता फलाट, कोणत्या दाराने बाहेर पडायचे, हे तो ठरवणार आणि आम्ही त्याच्या मागे चालणार. ओसाकात त्याने आम्हाला उलट्या दिशेच्या गाडीत बसवले. माझ्या तोंडावर शब्द आले होते. पत्नीने हात धरला म्हणून मी गप्प राहिलो. दोन स्थानकांनंतर त्याच्याच लक्षात आले, त्याने आम्हाला उतरवले, पुन्हा योग्य गाडीत बसवले, आणि त्यानंतर परत येईपर्यंत त्याची एकही चूक झाली नाही. मोबाइलही त्याच्या हातातून सुटला नाही, परंतु आता त्यात नकाशा उघडलेला असे.

आपल्या मुलाची परीक्षा मार्चमध्ये संपेल, म्हणजे त्याच्याकडे जाण्यापूर्वी दीड महिना रिकामा आहे. त्याला आताच एक हिशेब करायला द्या. परदेशी प्रवाशांसाठीचा सात दिवसांचा रेल्वे पास २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत २९,६५० येनला मिळत असे. त्यानंतर तो ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योटो शिंकानसेनचे, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनचे, एकेरी भाडे साधारण १४,००० येन पडते. टोकियोत उतरून ओसाकाहून परत निघायचे असेल, तर पास स्वस्त की सुटी तिकिटे, हे त्याने आकडे मांडून ठरवावे. आमच्या बाबतीत सुटी तिकिटे स्वस्त पडली. त्याच हिशेबात तेरा वर्षांच्या मुलीचे रेल्वेभाडेही पूर्णच धरावे लागते. सवलत प्राथमिक शाळेच्या वयापर्यंतच असते, आणि विमानातही बारा वर्षे पूर्ण झाली की पूर्ण भाडे लागते.

तारखांबाबत मात्र फार सावध राहावे. मुलीची वार्षिक परीक्षा एप्रिलच्या अखेरीस संपेल आणि आपण लगेच निघाल, तर २९ एप्रिल ते ५ मे हा त्यांचा सुट्यांचा आठवडा आपल्याला गाठेल. त्या दिवसांत सारा जपान प्रवासाला निघतो, गाड्या भरतात आणि हॉटेलांचे दर चढतात. ६ मेनंतर पोहोचावे. हवा तेव्हा सुखद असते, पावसाळा जूनमध्ये सुरू होतो. खान्देशातील ४४ अंशांतून सुटल्याचा आनंद वेगळाच. पण दहावीचा निकाल मेमध्ये लागू शकतो. २०२५ साली तो १३ मे रोजी लागला होता, आणि त्याच वर्षापासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले आहेत. निकाल कुठूनही पाहता येईल. मात्र प्रवेशाच्या नोंदणीसाठी मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून जो क्रमांक अर्जात दिला जाईल तो परदेशातही चालू राहील अशी व्यवस्था निघण्यापूर्वीच करावी. कागदपत्रांची छायाचित्रेही सोबत असावीत.

भावंडांना एकटे सोडण्याविषयी मी पुन्हा लिहीन. येथे फक्त कायद्याची एक गोष्ट. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या परदेशी प्रवाशाने जपानमध्ये पासपोर्ट सतत जवळ बाळगणे बंधनकारक आहे. विमानतळावर बोटांचे ठसे आणि छायाचित्रही सोळा वर्षांपासून पुढच्यांचेच घेतात. म्हणजे आपल्या मुलाचा पासपोर्ट आईच्या पर्समध्ये नव्हे, त्याच्या स्वतःच्या खिशात असायला हवा. माझ्या मुलीला तिचा पासपोर्ट प्रथमच तिच्या हाती दिला, तेव्हा तिने तो ज्या पद्धतीने सांभाळला, ते मी विसरणार नाही.

भुसावळची शिक्षिका

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी हिरोशिमाबद्दल लिहिते, कारण मी माझ्या बारा वर्षांच्या मुलीला तिथे नेले होते आणि नेण्यापूर्वी आपल्याइतकीच द्विधा मनःस्थितीत होते.

मुलांना ६ ऑगस्ट १९४५ ही तारीख पाठ असते. सकाळी सव्वाआठ वाजता बाँब पडला, हेही ठाऊक असते. हिरोशिमाच्या शांतिस्मारक संग्रहालयाच्या मुख्य इमारतीत मात्र आकडे मागे पडतात आणि वस्तू समोर येतात : जळालेला शाळेचा गणवेश, जेवणाचा डबा, एका तीन वर्षांच्या मुलाची तीनचाकी सायकल. त्या वस्तू ज्यांच्या होत्या, त्यांतील बरीचशी मुले आपल्या मुलीच्याच वयाची होती. शहरात आगीला आडकाठी म्हणून मोकळे पट्टे काढण्याच्या कामाला शाळकरी मुलांना लावलेले होते, आणि ती सकाळी उघड्यावर होती. हे मुलीला आधी सांगावे. न सांगता नेणे, हे माझ्या मते चुकीचे ठरते. आत गेल्यावर तिला कोणत्याही क्षणी बाहेर पडण्याची मुभा आहे, आणि त्याबद्दल कोणी काही म्हणणार नाही, हेही तिला दाराशीच सांगावे. माझी मुलगी दोन दालने वगळून पुढे गेली. मी तिच्याबरोबर गेले, यजमान मागे थांबले.

आपली मुलगी चित्रे काढते, असे आपण लिहिले आहे, म्हणून एक सुचवते. संग्रहालय ज्या उद्यानात आहे, त्याच उद्यानात मुलांचे शांतिस्मारक आहे. सादाको सासाकी ही दोन वर्षांची असताना बाँबच्या किरणोत्साराच्या टप्प्यात सापडली आणि १९५५ साली, बारा वर्षांची असताना, रक्ताच्या कर्करोगाने गेली. आजारपणात ती कागदाचे क्रौंच पक्षी घडवीत असे. तिच्या वर्गातील मुलांनी पुढाकार घेतला आणि देशभरातील शाळांच्या मदतीने १९५८ साली ते स्मारक उभे राहिले. आजही जगभरातून मुले तिथे कागदी क्रौंचांच्या माळा आणतात. आपल्या मुलीने अमळनेरला बसून पक्षी घडवावेत, हवे तर मैत्रिणींनाही सामील करून घ्यावे, आणि ती माळ स्वतः तिथे अर्पण करावी. माझ्या मुलीने वर्गातील ४० जणांकडून एकेक पक्षी करून घेतला होता. संग्रहालयात ती गप्प होती. माळ अडकवताना मात्र तिने प्रत्येक पक्ष्यावरील नाव हळू आवाजात वाचले. संग्रहालयानंतर त्याच दिवशी दुसरे काहीही ठेवू नये. आम्ही नदीकाठी बसून राहिलो आणि तेवढेच पुरेसे होते.

दुसरी गोष्ट मुलासाठी. आपण खान्देशातील माणसे अजिंठ्याला पाहुणे आले की नेतो. जळगावहून ते साधारण ६० किलोमीटर. नारा शहराजवळ होर्यू-जी नावाचे मंदिर आहे, तेथील इमारती जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत गणल्या जातात. त्याच्या मुख्य मंडपाच्या भिंतींवर सातव्या शतकाच्या अखेरची चित्रे होती, आणि त्यांतील बोधिसत्त्वाची तुलना अभ्यासक अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीशी करीत आले आहेत : तीच किंचित कललेली मान, तीच खाली झुकलेली नजर. २६ जानेवारी १९४९ रोजी, त्या चित्रांच्या प्रती करण्याचे काम चालू असतानाच मंडपाला आग लागली आणि ती चित्रे होरपळली. आपला देश प्रजासत्ताक होण्याच्या बरोबर एक वर्ष आधीचा तो दिवस. त्या धक्क्यातून जपानने १९५० साली सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला, आणि २६ जानेवारी हा दिवस तिथे वारसा वास्तूंच्या आगीपासूनच्या बचावासाठी पाळला जातो. आज भिंतींवर आहेत त्या प्रती. अजिंठा-वेरूळच्या जतनाच्या आणि पर्यटनविकासाच्या प्रकल्पाला पुढे जपाननेच कर्जसाहाय्य दिले, ही गोष्टही मुलांना सांगण्यासारखी आहे.

जाण्यापूर्वी एक रविवार काढून मुलांना पुन्हा अजिंठ्याला न्यावे आणि पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर पाच मिनिटे उभे करावे. नारा येथे गेल्यावर त्यांना ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटते. तेथील तोदाय-जी मंदिरातील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन (डोळे रेखण्याचा) सोहळा ७५२ साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला, हे ऐकून माझ्या पुतण्याने, जो एरवी मंदिराच्या पायरीवरच बसून राहतो, तिथे विचारले होते की तो माणूस इतक्या लांब आला तरी कसा. त्या एका प्रश्नावर आम्ही संध्याकाळभर बोलत होतो.

सात्त्विक, जळगाव

शाकाहाराविषयी थोडक्यात, कारण आम्ही जैन आहोत आणि दोनदा जाऊन आलो. जपानमध्ये अडचण डोळ्यांना दिसणाऱ्या मांसाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचा आणि समुद्री शेवाळाचा अर्क. तो सूप, रस्सा, नूडल्स, एवढेच काय, साध्या उकडलेल्या भाजीतही असतो. वाढणाऱ्याला “मांस नाही ना?” असे विचारले तर तो प्रामाणिकपणे “नाही” म्हणतो. म्हणून मांस, मासे, अंडे आणि माशांची दाशी यांपैकी काहीही चालत नाही, असे जपानीत लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे. ते कार्ड दाखवण्याचे काम आमच्या मुलीने घेतले होते. बौद्ध मंदिरांच्या परंपरेतील शोजिन र्‍योरी हे जेवण शाकाहारी असते, पण महाग असते आणि मुलांचे पोट त्याने भरत नाही. एकदा अनुभव म्हणून घ्यावे. टोकियोत भारतीय उपाहारगृहे खूप आहेत, त्यांतील अनेक नेपाळी बांधव चालवतात. निशी-कासाई भागात भारतीय वस्ती असल्यामुळे किराणाही मिळतो.

सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडा ठेचा, खाकरे न्यावेत. ताजी फळे, भाजी, कच्चे तांदूळ व डाळी नेऊ नयेत. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते आत नेता येत नाहीत. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. सर्दीच्या ज्या औषधांत स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असते, ती जपानमध्ये नेण्यास बंदी आहे. घरातील नेहमीची पाकिटे डॉक्टरांना दाखवून मगच बॅगेत भरावीत. मुलीसाठी सॅनिटरी पॅड सहज मिळतात, तरी तिच्या सवयीचे घरूनच न्यावेत. गरम पाण्याच्या सार्वजनिक कुंडांत पूर्ण विवस्त्र होऊन उतरण्याची रीत आहे. स्त्री-पुरुषांची कुंडे वेगळी असली तरी या वयातील मुलांना त्याचा संकोच वाटतो. तिथे आग्रह करू नये. काही निवासांत कुटुंबासाठी तासाभराच्या बोलीवर खासगी कुंड मिळते.

शहाद्याची लेक

काकू, मी आता अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला पुण्यात आहे. पंधराव्या वर्षी आई-बाबांबरोबर जपानला गेले होते, आणि जाण्यापूर्वी मीही “तुम्ही जाऊन या” असेच म्हटले होते. आपल्या मुलाच्या मनात काय आहे हे मी सांगू शकत नाही. माझ्या मनात काय होते ते लिहिते.

मला जपान नको होते असे मुळीच नव्हते. मला बारा दिवस चोवीस तास कोणाच्या तरी नजरेखाली राहणे नको होते. घरी माझी खोली होती, शाळेत मैत्रिणी होत्या, आणि सहलीत मात्र मी पुन्हा सात वर्षांची होते : हे खा, इथे उभी राहा, फोटोसाठी हस. कोकणातल्या गाडीत तो खाली का उतरला नाही हे त्याला एकदा, रागावल्याशिवाय, विचारून पाहावे. माझ्या बाबतीत असाच एक प्रसंग होता आणि त्याचे कारण फार साधे होते. आदल्या रात्री सर्व नातेवाइकांसमोर माझे घटक चाचणीचे गुण वाचून दाखवले गेले होते.

माझ्या आईने एक केले. तिने तिकिटे काढण्यापूर्वी मला विचारले की या बारा दिवसांत तुला रोज किती वेळ आमच्याशिवाय हवा. मी घाबरतच “एक तास” म्हणाले. ती म्हणाली, “दोन घे.” बाकीच्या बावीस तासांबद्दल मग माझी काहीही तक्रार उरली नाही. त्या दोन तासांत मी बहुतेक वेळा हॉटेलजवळच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानात जाऊन, काय काय मिळते ते वाचत उभी राहायचे, भाषांतराच्या ॲपने वेष्टणांवरील घटक वाचायचे आणि आईसाठी शाकाहारी काहीतरी शोधून आणायचे. उमेबोशी, म्हणजे खारवलेले आंबट फळ, घातलेला भाताचा गोळा मीच शोधला होता, आणि आईने तो खाल्ला तेव्हा मला फार आनंद झाला होता.

खोल्यांचेही पाहावे. जपानी हॉटेलांच्या खोल्या लहान असतात आणि चार जणांची खोली क्वचित मिळते. दोन खोल्या घ्याव्या लागल्या तर मुलगी आईबरोबर आणि मुलगा वडिलांबरोबर अशी विभागणी करण्याऐवजी भावंडांना एका खोलीत राहू द्यावे. निदान दोन रात्री पारंपरिक जपानी पद्धतीच्या निवासात, म्हणजे र्‍योकानमध्ये घ्याव्यात. तिथे चटयांच्या एका मोठ्या खोलीत चौघांच्या गाद्या शेजारी शेजारी घालतात. आम्ही गावाकडे उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायचो तसे वाटले, आणि बाबांनी त्यांच्या लहानपणीच्या ज्या गोष्टी त्या रात्री सांगितल्या, त्या मी त्यापूर्वी कधीही ऐकल्या नव्हत्या.

एक विनंती. त्याचे फोटो त्याला विचारल्याशिवाय कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नयेत. क्योटोच्या गिओन भागात खासगी गल्ल्यांत फोटो काढण्यास मनाई आहे आणि तसे फलक लावलेले आहेत. तिथल्या लोकांची खासगी जागा आपण जशी जपतो, तशी घरातल्या मुलांचीही जपली तर त्यांना ते कळते.

एक धुळेकर

शहाद्याच्या लेकीने लिहिले ते मी पत्नीलाही वाचून दाखवले.

राहिलेला प्रश्न एकटे सोडण्याचा. सासूबाईंची काळजी योग्यच आहे, म्हणून त्यांच्यासमोर नियम ठरवावेत. आमचे नियम असे होते की दोघांनी एकमेकांना सोडायचे नाही, अंधार पडण्यापूर्वी भेटायचे आणि ठिकाण बदलायचे असल्यास आधी कळवायचे. मोठ्या स्थानकावर “स्टेशनपाशी भेटू” असे कधीही म्हणू नये. टोकियोच्या शिंजुकू स्थानकाला दोनशेहून अधिक दारे आहेत. दाराचे नाव किंवा क्रमांक ठरवावा. शिबुयात हाचिको कुत्र्याचा पुतळा आहे, टोकियोतील लोकही तिथेच भेटायचे ठरवतात. चौकाचौकांत कोबान नावाच्या लहान पोलीस चौक्या असतात. वाट चुकल्यास मुलांनी थेट तिथे जावे. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक कागदावर लिहून दोघांच्या खिशात असू द्यावेत, कारण मोबाइलची बॅटरी संपते. टोकियोत अठरा वर्षांखालील मुलांनी रात्री अकरा ते पहाटे चार या वेळेत पालकांशिवाय बाहेर राहू नये, असा स्थानिक नियमही आहे. पहिल्याच दिवशी दोन तास देऊ नयेत. आधी हॉटेल ते कोपऱ्यावरचे दुकान, मग दोन स्थानके, मग दोन तास.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण शहाद्याच्या लेकीने लिहिलेला परिच्छेद वाचून मी मुलाला कोकणाबद्दल विचारले, आणि ते बोलणे एका बैठकीत संपले नाही. त्याचे कारण मी येथे लिहीत नाही. ते त्याचे आहे. एवढेच सांगते की चूक त्याची एकट्याची नव्हती, आणि मी तसे त्याला सांगितले.

जपानला येतो, असे त्याने अजून म्हटलेले नाही. मात्र रेल्वे पासाचा हिशेब त्याने परवा रात्री करून ठेवला. सुटी तिकिटे स्वस्त पडतात, असे त्याच्याही उत्तरात निघाले. पण हिरोशिमा धरले तर फरक किती उरतो, हे त्याने वेगळे मांडले आहे आणि त्यावर स्वतःच्या हाताने “ताईला विचारा” असे लिहिले आहे. तो धाकट्या बहिणीला लाडाने ताई म्हणतो. तिने हिरोशिमाला हो म्हटले असून शेजारच्या मुलींना घेऊन पक्षी घडवायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत २३ झाले.

प्रवासी कंपनीला नकार कळवला. पुढील आठवड्यात चौघांचे पासपोर्टचे अर्ज भरणार आहोत. मुलाला पंधरा पूर्ण असल्यामुळे अठराव्या वर्षापर्यंतचा किंवा पूर्ण दहा वर्षांचा, असे दोन पर्याय त्याच्यापुढे आहेत, असे समजले. कोणता घ्यायचा हे आम्ही त्यालाच विचारले. तो म्हणाला, “दहा वर्षांचा.” सासूबाई शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिले, आणि तो पुन्हा आपल्या हिशेबाकडे वळला.